डोक्यातली देणी

ओडिशातल्या खेड्यांत शेतीची कामं थांबली की घराघरांत पैशाची चणचण सुरू होते. नेमक्या त्या दिवसांत सुप्रीत कौर, सेंधिल मुल्लैनाथन, सुआन्ना ओ आणि फ्रँक शिल्बाख या अर्थशास्त्रज्ञांनी 408 मजुरांना पत्रावळी टाचायचं काम दिलं. मजुरी नगावर, दर सगळ्यांना सारखाच. फरक एवढाच, की काहींना झालेल्या कामाचे पैसे इतरांच्या काही दिवस आधी दिले. एक रुपयाही वाढवून दिला नव्हता. तरी पैसे हाती पडताच त्यांचं काम सुमारे 7 टक्क्यांनी वाढलं, आणि हा फरक जास्त ओढगस्तीत असलेल्यांमध्ये प्रामुख्याने दिसला.

मला खरी बोलकी वाटते ती पत्रावळ. मन दुसरीकडे असलं की गरजेपेक्षा जास्त पानं लागतात, टाका चुकतो, मग तो पुन्हा घालावा लागतो. नुसती घाई केली असती तर अशा चुका वाढल्या असत्या. इथे त्या कमी झाल्या. वाण्याची उधारी आणि सावकाराचा तगादा यांत अडकलेलं लक्ष सुटून हातातल्या पानावर आलं होतं.

याआधी 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी मुल्लैनाथन आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांची परीक्षा घेतली होती. तोच शेतकरी, एकदा तोडीआधी आणि एकदा उसाचे पैसे आल्यावर. तोडीआधी 78 टक्के जणांनी काहीतरी गहाण टाकलेलं होतं, नंतर 4 टक्क्यांनी. आकृत्यांच्या मांडणीतली रिकामी जागा ओळखायच्या कोड्यांत तीच माणसं तोडीआधी स्पष्टपणे मागे पडली. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर घेतलेल्या चाचण्यांत मात्र असा फरक आढळला नाही. वर्षाचा पैसा एकदम येणं आणि पंधरवड्याचा पगार येणं यांत अंतर आहे, हे लक्षात घ्यायला हवं.

पैशाचा हा घोर नुसत्या चुकांवर थांबत नाही. गोव्यातल्या ‘संगथ’ या मानसिक आरोग्य संस्थेचे सहसंस्थापक, मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये जगभरचे पुरावे तपासले. समाजातल्या सर्वांत गरीब थरात नैराश्य आणि चिंताविकार श्रीमंतांच्या दीडपट ते तिप्पट आढळतात. गरिबीने मन खचतं आणि खचलेल्या मनाने कमाई घटते, असं दोन्ही बाजूंनी ते चालतं. अशा माणसाला आळशी, बेफिकीर म्हणणं मला क्रूर वाटतं.

आपल्याकडे बीडच्या ऊसतोड मजुरांना पैसा आधीच मिळतो, पण तो मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल म्हणून. ओडिशातला मजूर कमावलेलं घेत होता. इथे नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे ती जोडी, हंगामभर घेतलेलं फेडत असतो. आजारपणाने एक दिवस बुडाला तरी मुकादम खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लावतो आणि बाकी वाढते. हंगाम संपताना ती फिटली नाही, तर पुढल्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जावं लागतं.