सीईटीचा फॉर्म: ऐकीव काय, खरं काय

मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडसारख्या गावात बारावी सायन्सच्या पोरांचे प्रॅक्टिकल, जर्नल, सबमिशन ही कामं कॉलेज मागे लागून करून घेतं. सीईटीचा फॉर्म मात्र बहुतेक वेळा ‘ऑनलाइनवाल्या’च्या दुकानात भरला जातो. घरात असा अर्ज भरणारं हे पहिलंच लेकरू, आणि सल्ला द्यायला मात्र अर्धं गाव. त्यातले काही सल्ले ऐकण्यासारखे असतात. काहींनी वर्ष वाया जातं.

सगळ्यात महागात पडणारा समज असा: “फॉर्म भरला, पेपर दिला, आता नंबर लागला की कॉलेजवाले फोन करतीन.” फोन येत नाही. सीईटीचा फॉर्म हा फक्त परीक्षेला बसण्याचा अर्ज आहे. निकालानंतर प्रवेशासाठी ‘कॅप’ म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत वेगळी नोंदणी, वेगळी फी, कागदपत्रांची तपासणी आणि मग कॉलेजांचा पसंतीक्रम, एवढं सगळं पुन्हा करावं लागतं. शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात जायचं असेल तरी रस्ता हाच. चांगले पर्सेंटाइल हातात असून कॅपची तारीख चुकली, तर त्या पर्सेंटाइलवर आपोआप कोणी जागा देत नाही.

दुसरा समज डॉक्टरकीचा. पीसीबी ग्रुपची सीईटी दिली की एमबीबीएसचा मार्ग खुला होतो, असं अजूनही काही पालक धरून चालतात. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएसला नीट लागते. तिचा अर्ज एनटीए ही राष्ट्रीय संस्था घेते, आणि तिचं संकेतस्थळ, फी, तारखा सगळं वेगळं. राज्य सीईटी कक्षाच्या पीसीबीवर प्रवेश होतो तो मुख्यतः फार्मसी आणि कृषी या शाखांना. आपल्याकडे अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ जवळ असल्यामुळे बीएस्सी ॲग्रीकडे ओढा मोठा आहे, म्हणून हे नीट समजून घेतलेलं बरं. इंजिनिअरिंगसाठी पीसीएम. चारही विषय असतील तर दोन्ही ग्रुप देता येतात, पण फी दोन्हींची भरावी लागते आणि पर्सेंटाइलही दोन वेगळे येतात. २०२४ मध्ये एका ग्रुपची फी खुल्या प्रवर्गाला १००० रुपये आणि राखीव प्रवर्गाला ८०० रुपये होती.

फीवरून आणखी एक घोळ. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. गावात त्याचा अर्थ “पोरींना सारंच फुकट” असा पसरला. ही सवलत कॅपमधून प्रवेश घेतल्यानंतर, कॉलेजच्या शुल्कावर मिळते. सीईटीच्या अर्जाची फी मुलींनाही भरावीच लागते.

आणि फी भरली नाही तर फॉर्म भरलेला धरतच नाहीत. पोर्टलवर सगळी माहिती टाकली, फोटो-सही चढवली, ‘सेव्ह’ झालं, पण पैसे जाताना नेट गेलं आणि दुकानदार म्हणाला, “झालंय, जा.” झालेलं नसतं. पैसे भरल्याची पावती आणि पूर्ण झालेल्या अर्जाची प्रिंट, ही दोन्ही हातात आली तरच झालं समजावं. ती प्रिंट टपालाने मुंबईला पाठवावी लागते हा जुन्या काळचा समज आहे. प्रिंट आपल्याकडेच ठेवायची.

दुकानाबद्दल सांगायलाच हवं. फॉर्म दुकानातून भरण्यात काहीच गैर नाही. तिथला माणूस शंभर फॉर्म भरून तरबेज झालेला असतो. पण घाईत तो स्वतःचा मोबाइल नंबर आणि स्वतःचा ईमेल टाकतो. मग हॉल तिकिटाचा मेसेज त्याच्याकडे, ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्या वहीत. कॅपच्या दिवसांत त्याचं दुकान बंद असलं की लेकरू अडकलं. नंबर घरातलाच द्यावा, आणि तोही किमान प्रवेश पूर्ण होईपर्यंत रिचार्ज संपून बंद पडणार नाही असा.

नाव दहावीच्या मार्कशीटवर आहे तसंच घालायचं. आधारवर स्पेलिंग वेगळं असेल, तर फॉर्ममध्ये आधारप्रमाणे नाव लिहिणं हा त्यावरचा इलाज नव्हे. आधार वेळेत दुरुस्त करून घ्यावं. परीक्षा केंद्रावर मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं.

परीक्षेचा जिल्हा म्हणून पुणं टाकलं की पुण्याचं कॉलेज मिळायला सोपं जातं, हाही एक विनोदी समज. परीक्षा कुठे दिली याचा प्रवेशाशी काही संबंध नाही. बुलढाणा टाकावं, रात्रीचा प्रवास वाचेल. माध्यमाचं मात्र फॉर्म भरतानाच ठरवायचं असतं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे प्रश्न मराठीतून मागता येतात, गणिताचे फक्त इंग्रजीत येतात. मराठी माध्यमाच्या पोरांना हे माहीतच नसतं, ही खरी खंत.

कागदपत्रांच्या बाबतीत दोन टोकं दिसतात. काही जण जात पडताळणी झाली नाही म्हणून सीईटीचा फॉर्मच भरत नाहीत. व्हॅलिडिटी हातात नाही म्हणून परीक्षा द्यायला कोणी अडवत नाही. दुसरे म्हणतात, निकाल लागल्यावर बघू. तेव्हा उशीर झालेला असतो. राखीव जागेसाठी कॅपमध्ये व्हॅलिडिटी लागते, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना वैध नॉन-क्रीमीलेअरही लागतं. ती नसली तर उमेदवार खुल्या प्रवर्गात मोजला जातो. पडताळणीला महिनोन् महिने जाऊ शकतात. आजोबांची शाळेची टीसी, जुने महसुली दाखले शोधायला अकरावीची दिवाळीची सुटी चांगली.

आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांनी हे सगळं आपल्यासाठी नाही असं समजू नये. पाच वर्षांच्या लॉला वेगळी सीईटी आहे, आणि २०२४ पासून बीबीए-बीसीएसाठीही सीईटी सुरू झाली. प्रत्येकीचा फॉर्म स्वतंत्र.

२०२६ पासून इंजिनिअरिंग-फार्मसीची सीईटी वर्षातून दोनदा घेण्याचं सरकारने जाहीर केलं, तेव्हापासून “पहिली हुकली तर दुसरी हाये ना” हे नवं वाक्य ऐकू येतं. पण जाहीर झालं ते असं, की पहिली अनिवार्य आणि दुसरी ऐच्छिक, दोन्ही दिल्या तर जास्त पर्सेंटाइल धरायचे. दुसरीच्या भरवशावर पहिलीचा फॉर्म सोडू नका. फॉर्म भरायला जाताना दहावीची मार्कशीट सोबत न्या, आणि पैसे भरण्याआधी स्क्रीनवरचं नाव, जन्मतारीख, प्रवर्ग आणि ग्रुप तुमच्या लेकरालाच वाचायला सांगा.