गंजाचा तळ लागला पाहिजे

अमरावती-अकोल्याकडे वाड्यातल्या कडुलिंबाखाली ताडपत्री पांघरून उभी असलेली आजोबांची फियाट अजूनही दिसते. नातवाला ती पुन्हा रस्त्यावर आणायची असते. ताडपत्री निघते, बॉनेट उघडतं आणि पहिला प्रश्न येतो, “गंज किती आहे?” प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. गंज कुठे धरला आहे आणि किती खोल गेला आहे, हे विचारल्याशिवाय गाडीचा निकाल लागत नाही. मडगार्डावर तळहाताएवढे तांबूस डाग असलेली गाडी सहज वाचते. नुकताच रंग मारलेली, आरशासारखी गाडी मात्र खालून भुसभुशीत निघू शकते.

भार कोण उचलतं?

जुनी फियाट 1100 कुर्ल्याच्या कारखान्यातून 1974 पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने बाहेर पडू लागली. ती आणि 2014 पर्यंत उत्तरपाड्यात बनलेली अ‍ॅम्बेसेडर, या दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी सुटी चॅसी नाही. पत्र्याची पेटी हाच त्यांचा सांगाडा. दारांखालची पोकळ पट्टी, पायाखालचा पत्रा, मागच्या पाट्यांची स्प्रिंग जिथे टांगलेली असते ती जागा आणि पुढच्या सस्पेन्शनचे आधार, सगळा भार यांच्यावर असतो. इथला गंज म्हणजे घराच्या तुळईला लागलेली वाळवी. दाराचा खालचा काठ, डिक्कीचं झाकण किंवा मडगार्डाची कड इथला गंज डोळ्यांना खुपतो, पण त्याने गाडी मोडत नाही.

शेतकऱ्यांच्या जुन्या महिंद्रा जीपचा हिशेब उलटा आहे. तिची चॅसी वेगळी असते आणि बॉडी वर बोल्टांनी बसवलेली असते. बॉडीच्या तळाला भोकं पडली तरी नवा पत्रा बसवता येतो. चॅसीच्या लांब दांड्यांना पापुद्रे सुटले असतील तर मात्र थांबावं.

वऱ्हाडचं ऊन आणि वऱ्हाडचं पाणी

गंजाला लोखंड, हवा आणि ओल या तिन्ही गोष्टी लागतात. मीठ मिळालं की त्याचा वेग वाढतो. म्हणूनच मुंबईच्या खाऱ्या हवेत वाढलेली गाडी विकत घेताना खालून दुप्पट तपासावी. 45 अंशांच्या पुढे जाणारा आपला कोरडा उन्हाळा पत्र्याला मानवतो. तो रंग आणि दारा-काचांची रबरं खातो. पण तडकलेल्या रबरातून पावसाळ्यात पाणी आत शिरतं, चटईखाली मुरतं आणि कुणाला दिसत नाही.

इथले दोन शत्रू आणखी आहेत. एक आपली काळी माती. ती चाकांच्या वरच्या कोनाड्यांत लिंपून बसते आणि ओल धरून ठेवते. वरून वाळलेला थर आतून कित्येक दिवस दमट राहतो. दुसरा शत्रू पूर्णा खोऱ्यातलं खारं पाणी. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाण पट्ट्यात बोअरच्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे तिच्या सांध्यांत स्वतःच्या हाताने मीठ सोडणं. दर्यापूर-अकोटकडची गाडी शक्यतो गोड्या पाण्याने धुवावी, निदान शेवटचं पाणी तरी गोडं असावं.

हाताने पाहा, कानाने ऐका

गंजाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिला वरवरचा: सँडपेपर मारला की खाली पांढरं लोखंड चमकतं. दुसरा खड्ड्यांचा: खवले निघतात, पत्रा पातळ झालेला असतो, पण टोचलं तरी टिकतो. तिसरा आरपार: पेचकसाचं टोक दाबलं की आत जातं. बॉडीचा पत्रा मुळातच जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर जायला वेळ लागत नाही. रंगाला आलेला फोड लहान समजू नये. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून ढकलतो. फोड दिसेपर्यंत पत्रा बहुधा मागून खाल्लेला असतो.

रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या भागावर फिरवा. ते जिथे धरत नाही, तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे. बोटाने वाजवा: पत्रा खणखणतो, पुट्टी बद्द वाजते. चटया उचला, स्टेपनी काढा, दारांच्या तळाशी पाणी निघायची भोकं मोकळी आहेत का पाहा. गाडी जपून जॅकवर घ्या आणि दार उघडून लावा. दार अडकू लागलं, तर सांगाडा वाकतो आहे.

पहिली पायरी कुठेही चालते. दुसरी बाहेरच्या पत्र्यावर चालते, भार असलेल्या जागी लगेच उपाय हवा. तिसरी सुट्या भागावर असेल तर भाग बदलता येतो. सांगाड्यात एक-दोन ठिकाणी असेल, तर खराब पत्रा निरोगी लोखंडापर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करावा. कुजलेल्या पत्र्यावर वरून पॅच मारला की मध्ये पाणी कोंडतं आणि गंज आतल्या आत वाढतो. पट्ट्या, तळ आणि स्प्रिंगचे आधार सगळेच गेले असतील, तर ती गाडी दुसऱ्या गाडीला सुटे भाग द्यायला ठेवावी.

मूळ पत्र्याचं मोल

सगळा पत्रा नवा करून टाकावा, असंही वाटतं. पण जुलै 2021 मधल्या केंद्राच्या विंटेज नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेलं वाहन मूळ रूपात हवं. चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. ‘व्हीए’ अक्षरांची ही नोंदणी 10 वर्षांची असते, शुल्क 20,000 रुपये. पहिल्या वर्षांतल्या पद्मिनींनी ही पन्नाशी आता गाठली आहे. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, फिवाची, तुरिनची सनदही मूळ भाग बदलण्यापेक्षा जपण्यावर भर देते. आजोबांच्या हाताने झिजलेलं दार त्या गाडीचा इतिहास आहे. नव्या पत्र्याला तो नाही.

म्हणून मर्यादा एकच ठेवावी: ज्या गंजाचा तळ लागतो, तो चालतो. घासलं, खरवडलं आणि खाली घट्ट लोखंड लागलं, तर गाडी तुमची आहे. ताडपत्री काढल्यावर रंगाच्या दुकानात धावू नका. आधी कोनाड्यांतली माती काढा, पाण्याची भोकं मोकळी करा, चटया बाहेर टाका आणि वैशाखाचं ऊन तिच्या तळाला आठ दिवस लागू द्या. रंग सगळ्यात शेवटी.