रोजी बुडते तेव्हा: हॉस्पिटल कॅश आणि जुने दुखणे

पाथर्डी किंवा जामखेडचा रुग्ण लोणीला नाहीतर नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचे) मोठ्या दवाखान्यात दाखल झाला, की घरातले आणखी एक माणूस त्याच्याजवळ अडकते. शिलाईचे मशीन, गॅरेज, फळांची गाडी बंद. उपचाराचा खर्च बऱ्याचदा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून निघतो. बुडालेली रोजी मात्र कुणी भरून देत नाही.

‘हॉस्पिटल कॅश’ पॉलिसी याच खड्ड्यासाठी असते. बिल कितीही होवो, दाखल असल्याच्या प्रत्येक दिवसाला ठरलेली रक्कम मिळते. बऱ्याच पॉलिसी पहिला दिवस धरत नाहीत. म्हणजे रोजचे १,००० रुपये ठरलेले असतील आणि रुग्ण पाच दिवस राहिला, तर हातात ४,०००. विमा घ्यावा की नाही यावर उलमांमध्ये मतभेद आहेत. ते आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे. आम्ही इथे फक्त कागदाबद्दल बोलतो आहोत.

घरात साखर, रक्तदाब किंवा दमा असेल तर हा कागद नीट वाचावाच लागतो. फॉर्म भरताना काही एजंट हळूच सांगतात, “साखरेचं लिहू नका, हप्ता वाढेल.” ऐकू नका. खोटे लिहिणे तसेही आपल्याला शोभत नाही, आणि त्यात फायदाही नाही. आजार लिहिला तर हप्ता वाढेल, कधी अर्ज नाकारलाही जाईल. पण पॉलिसी मिळाली तर जुन्या आजारासाठी थांबावे लागते ते जास्तीत जास्त तीन वर्षे. एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा चार वर्षांची होती. लपवला, तर नेमका पैसा लागतो त्या दिवशी दावा नाकारला जाऊ शकतो.

आजार लपवला नसतानाही घोटाळा होतो, तो डिस्चार्ज कार्डावर. दाखल करताना डॉक्टर विचारतात, “साखर कधीपासून?” घाबरलेला मुलगा अंदाजे सांगतो, “असेल दहा वर्षांपासून.” तेच कार्डावर उतरते आणि कंपनी तेच दाखवते. अम्मीची साखर पहिल्यांदा सापडली तो रिपोर्ट जपून ठेवा, तारीख त्यातूनच सांगा. दाखल झाल्याची आणि सुटीची वेळही कार्डावर नीट आहे ना, ते दवाखाना सोडण्यापूर्वी पाहा.

डायलिसिसच्या रुग्णांची इथे बहुधा निराशा होते. मशीनवर चार तास बसून ते घरी येतात. पॉलिसी सहसा सलग २४ तास दाखल असणे मागते. आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या होऊनही एक रुपया मिळत नाही. अशा घराने डे-केअरचे पैसे मिळतात का, हे कंपनीकडून आधी लेखी घ्यावे. महिन्याच्या गोळ्या आणि इन्सुलिन तर यात येतच नाहीत.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात अर्ज करता येतो. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. मात्र वर्षभराच्या आत जायला हवे.