कागदासारखा पडदा, वर्गणीसारखे पैसे

डिसेंबर 2010. बंगळुरूच्या ‘नोशन इंक’ या छोट्या कंपनीने आपल्या ‘अ‍ॅडम’ टॅब्लेटची आगाऊ नोंदणी सुरू केली. आयपॅड दुकानात येऊन तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. कंपनीचे संस्थापक रोहन श्रवण आयआयटी खरगपूरचे. वर्षभर ते या यंत्राबद्दल इंटरनेटवर लिहीत होते आणि ते वाचणाऱ्यांचा जगभर एक गोतावळाच तयार झाला होता. किमती दोन प्रकारच्या होत्या. साध्या एलसीडी पडद्याचा अ‍ॅडम सुमारे 375 डॉलरपासून, आणि ‘पिक्सेल ची’ पडद्याचा सुमारे 500 डॉलरपासून. म्हणजे न पाहिलेल्या यंत्राच्या न पाहिलेल्या पडद्यासाठी सव्वाशे डॉलर जादा. तरीही लोकांनी ते मोजले.

(त्या नावातला ‘ची’ आपला षष्ठीचा प्रत्यय नव्हे, तो चिनी शब्द आहे.)

या पडद्याचं मूळ अमेरिकेत मेरी लू जेप्सन यांच्याकडे जातं, आणि त्याची एक वाट रायगड जिल्ह्यातूनही गेली आहे. गरीब देशांतल्या मुलांसाठी ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाने हिरवा-पांढरा लॅपटॉप बनवला, त्याचा पडदा जेप्सन यांनी घडवला. त्या लॅपटॉपचा भारतातला पहिला प्रयोग 2007 मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत झाला. अंगणातल्या उन्हातही वाचता यावं, ही त्या पडद्याची खासियत. मागचा दिवा बंद केला की रंग जातात, पण बाहेरचा उजेड परावर्तित होऊन अक्षरं कृष्णधवल आणि अधिक रेखीव दिसतात. पुढे जेप्सन यांनी ‘पिक्सेल ची’ कंपनी काढली आणि तेच तंत्र अ‍ॅडमपर्यंत पोहोचलं.

म्हणजे अ‍ॅडमचा पडदा कागदासारखा होता, पण इलेक्ट्रॉनिक कागद नव्हता. हा फरक शब्दांचा खेळ नाही. 2012 मध्ये ‘पेबल’ या मनगटी घड्याळाने ‘किकस्टार्टर’ या वर्गणी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर एक लाख डॉलर मागितले आणि एक कोटीहून अधिक मिळवले. जाहिरातीत ‘ई-पेपर’ हा शब्द ठळक होता. आत मात्र शार्प कंपनीचा, अत्यल्प वीज खाणारा एलसीडीच होता. घड्याळाला तो उत्तम चालला. पण आता संगणकासाठी ‘ई-पेपर मॉनिटर’ या शब्दांवर कोणी आगाऊ पैसे मागत असेल, तर आत नेमकं काय आहे हा पहिला प्रश्न.

खऱ्या इलेक्ट्रॉनिक कागदात शाईच असते. अमेरिकेतल्या एमआयटीत घडलेल्या आणि पुढे तैवानी मालकीच्या झालेल्या ‘ई इंक’च्या तंत्रात केसाच्या जाडीच्या कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक तेल आणि त्यात पांढरे-काळे कण, एकांवर धन विद्युतभार तर दुसऱ्यांवर ऋण. खालून विद्युतदाब दिला की एका रंगाचे कण वर तरंगतात, दुसरे तळाशी जातात. एकदा जागेवर बसले की वीज काढून घेतली तरी हलत नाहीत. म्हणूनच किंडल एका चार्जिंगवर कित्येक दिवस चालतो. मॉनिटरच्या बाबतीत मात्र वीज वाचते हा युक्तिवाद लंगडा आहे. जोडलेला संगणक वीज खातच राहतो.

खरी अडचण वेळेची आहे. कणांना तेलातून पोहत जावं लागतं. राखाडीच्या 16 छटांसह पडदा पूर्ण बदलायला साधारण अर्धा सेकंद लागतो. मिनिटाला 60 इंग्रजी शब्द टाइप करणारा माणूस सेकंदाला पाच कळा दाबतो. म्हणजे पडदा त्याच्या दोन-तीन अक्षरं मागे राहणार. कादंबरीचं पान उलटायला अर्धा सेकंद कोणाला खुपत नाही, पण माउसचा बाण अर्धा सेकंद उशिरा हलला तर माणूस वैतागतो. मग छटा सोडून निव्वळ काळ्या-पांढऱ्यात झटपट काम उरकायची युक्ती वापरतात. त्यात वेळ सेकंदाच्या आठव्या भागाच्या आसपास येतो, पण जुन्या मजकुराचे ठसे मागे उरतात. ओल्या फडक्याने नीट न पुसलेली पाटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. शिवाय थंडीत तेल दाटतं, त्यामुळे कोणत्या तापमानाला कणांना किती वेळ ढकलायचं याची कोष्टकं लागतात. बंगळुरूची हवा निदान या बाबतीत सोयीची.

देवनागरी वाचणाऱ्याला आणखी एक किंमत मोजावी लागते. साध्या पडद्यावर अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसतात त्या राखाडी छटांमुळे. त्या काढल्या की अनुस्वार आणि वेलांट्या दातेरी होतात, ‘ष्ठ’ आणि ‘द्ध’ बुजतात. बीजिंगच्या ‘डासुंग’ने 2021 मध्ये इंडिगोगोवर वर्गणी गोळा करून जो 25.3 इंची मॉनिटर आणला, त्यात 3200 गुणिले 1800 बिंदू आहेत. म्हणजे इंचाला सुमारे 145. आजच्या किंडलमध्ये इंचाला 300 असतात. आकडा मोठा वाटला तरी आधी इंचांनी भागून पाहावं.

आणि डोळ्यांचं काय? दिवसभर कोड पाहणाऱ्या बंगळुरूत हाच मुद्दा सर्वांत जास्त विकला जातो. पुरावा दुभंगलेला आहे. 2012 मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांना एलसीडी आणि ई इंकवरच्या वाचनात थकव्याचा ठळक फरक आढळला नाही. 2013 मधल्या दुसऱ्या एका प्रयोगात एलसीडीने डोळे अधिक शिणले, तर ई इंक छापील पुस्तकाच्या बरोबरीने उतरलं. दोन्ही प्रयोग पुस्तक वाचण्याचे होते. ठसे उमटणाऱ्या पडद्यावर आठ तास काम करण्याबद्दल त्यांवरून फारसं काही सांगता येत नाही. ज्याला उजेडाचा त्रास होतो, त्याने कोणाच्या तरी टेबलावरचा असा पडदा तासभर वापरून पाहावा. हा पुरावा त्याच्यापुरता पुरेसा आहे.

आता पैशांकडे. हा व्यवहार भिशीचा नाही, वर्गणीचा आहे. भिशीत आपली पाळी येते. वर्गणीत पावती मिळते आणि मांडव उभा राहील अशी आशा. ‘आम्ही दुकान नाही’ हे किकस्टार्टरने 2012 मध्येच जाहीर केलं होतं. व्हार्टनचे प्राध्यापक ईथन मॉलिक यांनी 2015 मध्ये हजारो वर्गणीदारांची पाहणी केली, तेव्हा सुमारे 9 टक्के प्रकल्पांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नव्हती. वेळेत देणारे तर त्यांच्या आधीच्या अभ्यासात अल्पमतातच होते. परदेशातून मागवलेल्या मॉनिटरवर सीमाशुल्क आणि जीएसटी वेगळे. जाहिरातीतल्या डॉलरांना रुपयाने गुणून हिशेब संपत नाही.

अ‍ॅडम मात्र बुडीत निघाला नाही. जानेवारी 2011 मध्ये यंत्रं रवाना होऊ लागली. पडदा उन्हात वाचता येत होता, पण सॉफ्टवेअर कच्चं होतं आणि गूगलचं अ‍ॅप दुकान त्यात नव्हतं. वर्षभर सगळ्यांची नजर पडद्यावर होती आणि घात झाला तो त्याच्या मागे. पुढे ‘पिक्सेल ची’ कंपनीही उरली नाही.

या बाबतीत मॉनिटरचं पारडं जड आहे. टॅब्लेट हा अख्खा संगणक. त्याला अपडेट लागतात, दुकान लागतं, पाठीशी कंपनी लागते. मॉनिटरला केबलमधून चित्र आलं की पुरे. बनवणारा गायब झाला तरी पडदा फुटेपर्यंत तो चालू शकतो, अट एवढीच की ठसे पुसण्याची आणि छटा बदलण्याची सोय मॉनिटरवरच्या बटणांवर असावी, संगणकात घालायच्या खास सॉफ्टवेअरवर नव्हे. वर्गणीपूर्वी हे विचारायलाच हवं, आणि बहुतेक लोक ते विचारत नाहीत.

2025 मध्ये अमेरिकेतल्या ‘मोडोस’ने क्राउड सप्लायवर जो प्रकल्प मांडला, त्याचं आकर्षण इथेच आहे. 13.3 इंची कृष्णधवल पडदा, 1600 गुणिले 1200 बिंदू, 75 हर्ट्झ. हा आकडा मात्र फसवा: सेकंदात 75 वेळा नवी आज्ञा पोहोचते, कण तेवढ्यांदा पोहून येत नाहीत. चतुराई अशी की पूर्ण पडद्याची वाट न पाहता प्रत्येक बिंदू आपापल्या वेळी हलायला लागतो, त्यामुळे टाइप केलेलं अक्षर लगेच उमटू लागतं. आणि हे घडवणाऱ्या नियंत्रकाची रचना त्यांनी खुली ठेवली आहे. कंपनी राहो न राहो, सर्किटचे नकाशे आणि आतलं कोड कोणालाही उतरवून घेता येतं. फुटलेल्या पडद्याला हा उपाय नाही, पण बिघडलेल्या नियंत्रकाला आहे; आणि ज्या बंगळुरूत एस. पी. रोडवर सुटे भाग मिळतात, डाग देणारे हात आणि कोड वाचणारे डोळे जागोजागी आहेत, तिथे नकाशा हाती असण्याला अर्थ आहे.

अर्थात त्या पडद्यावर व्हिडिओ पाहायचा नसेल तर.