ढगातील आवक-जावक नोंदवही

कला शाखेच्या अंकात संगणकाच्या जाळ्यांवर लेख कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर एवढेच की, हा विषय मुळात नोंदी ठेवण्याचा आहे. आणि नोंदी कोणी, कशासाठी व किती दिवस ठेवाव्यात हा प्रश्न इतिहास आणि राज्यशास्त्र शिकणाऱ्यांना परका नाही. आपले प्रवेश-अर्ज, परीक्षांचे निकाल, शिष्यवृत्तीसाठी दिलेली बँकखात्याची माहिती आज ज्या यंत्रांवर असते, ती यंत्रे पुष्कळदा त्या संस्थेच्या इमारतीत नसतातच. ती दुसऱ्याच्या संगणकगृहात भाड्याने घेतलेली असतात. यालाच 'क्लाउड' म्हणतात. नाव ढगाचे असले तरी हा ढग जमिनीवरच असतो. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ साली आणि हैदराबादचे २०२२ साली सुरू झाले. मी पुढे जे सांगणार आहे ते ॲमेझॉनच्या व्यवस्थेविषयी आहे, कारण शिकण्यासाठी म्हणून एका लहानशा खात्यावर मी तीच वापरून पाहिली.

कोणत्याही कचेरीत आवक-जावक नोंदवही असते. पत्र कोणाकडून आले, कोणाला गेले, तारीख काय, एवढे त्यात लिहितात. पत्रातला मजकूर उतरून घेत नाहीत. जाळ्यावरील 'फ्लो लॉग' म्हणजे नेमकी हीच वही. कल्पना जुनी आहे. सिस्को कंपनीने १९९६ च्या सुमारास 'नेटफ्लो' या नावाने ती आपल्या यंत्रांत आणली. ॲमेझॉनने २०१५ साली ती भाडेकरूंच्या खासगी जाळ्यांसाठी, म्हणजे 'व्हीपीसी'साठी उपलब्ध केली. तिच्या साध्या नमुन्यात एका ओळीत चौदा रकाने असतात: कोणत्या खात्याची नोंद, कोणता जोड, पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, दोघांचे पोर्ट क्रमांक, संभाषणाची पद्धत, किती पाकिटे, किती बाइट, केव्हापासून केव्हापर्यंत, परवानगी मिळाली की नाही, इत्यादी.

समजा, एका ओळीत असे दिसले: १०.०.१.२० कडून २०३.०.११३.९ कडे, पोर्ट ४९७६१ वरून ४४३ ला, पद्धत ६, पाकिटे २०, बाइट ४२४९, 'ॲक्सेप्ट'. याचा अर्थ, आपल्या आतल्या यंत्राने बाहेरच्या एका यंत्राशी सुरक्षित वेब-संभाषण केले (४४३ हा त्याचा नेहमीचा पोर्ट, आणि ६ म्हणजे टीसीपी) व जाळ्याच्या नियमांनी ते होऊ दिले. काय बोलले, ते कळणार नाही. पण हेच यंत्र जर रोज पहाटे तीन वाजता त्याच अनोळखी पत्त्याकडे कित्येक कोटी बाइट पाठवीत असेल, तर मजकूर न वाचताही कोणीही कपाळाला आठ्या घालील.

ही वही पहारेकऱ्यांची परीक्षाही घेते, आणि मला तिचा हाच उपयोग सर्वांत मौजेचा वाटला. यंत्राभोवती दोन पहारे असतात. पहिला 'सिक्युरिटी ग्रुप'. याला आठवण असते. आत सोडलेल्या पाहुण्याला परत जाताना तो अडवीत नाही. दुसरा 'नेटवर्क एसीएल' विसराळू आहे. त्याला येण्याचा आणि जाण्याचा असे दोन परवाने वेगवेगळे दाखवावे लागतात. आता बाहेरून कोणी 'पिंग' केले, दोघांनीही त्याला आत सोडले, पण एसीएलमध्ये उत्तराला बाहेर जाण्याची परवानगी नसली, तर वहीत दोन ओळी उमटतात: येणाऱ्याची 'ॲक्सेप्ट' आणि परतणाऱ्याची 'रिजेक्ट'. सिक्युरिटी ग्रुपनेच दारात अडवले असते, तर एकच 'रिजेक्ट' दिसली असती. म्हणजे "संकेतस्थळ उघडत नाही" अशी तक्रार आली की, कोणत्या पहाऱ्यावर गाडी अडली याचा बराचसा उलगडा त्या ओळींवरून होतो.

वहीत काही गोष्टी मात्र येत नाहीत. ॲमेझॉनच्या स्वतःच्या डीएनएस सेवेला विचारलेले प्रश्न त्यात नसतात. यंत्र १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर स्वतःविषयीची माहिती विचारते, तीही नसते. शिवाय नोंदी क्षणोक्षणी उमटत नाहीत. साधारणपणे दहा मिनिटांच्या गठ्ठ्याने एकत्र होतात, सांगितले तर एका मिनिटाच्या. गूगलच्या ढगात तर पाकिटांचा केवळ नमुना घेतला जातो. तेव्हा या वहीला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार समजू नये.

आणि मुख्य गोष्ट अशी की, ही वही आपोआप उघडलेली नसते. जाळे तयार केले म्हणजे नोंदी सुरू झाल्या असे नाही; ती मागावी लागते, आणि मागितल्यापासून पुढचेच तीत येते. पेशवे दफ्तरात बसलेल्या अभ्यासकाला हे समजावून सांगायला नको: जे कोणी लिहिलेच नाही, ते नंतर कितीही तळमळून शोधले तरी सापडत नाही.

म्हणूनच हे काम हाताने, पडद्यावर टिचक्या मारून न करता कोडने करतात. हॅशिकॉर्प कंपनीने २०१४ साली काढलेले 'टेराफॉर्म' त्यासाठी पुष्कळ वापरले जाते. (२०२३ साली त्याचा परवाना बदलला, तेव्हा 'ओपनटोफू' ही मुक्त शाखा निघाली, असो.) यात आपण आज्ञा लिहीत नाही, अपेक्षित स्थिती लिहितो. अमुक जाळ्यावर एक फ्लो लॉग असावा, सर्व रहदारीची नोंद व्हावी, ती अमुक साठ्यात जावी, गठ्ठा साठ सेकंदांचा असावा. एवढ्या चार-सहा ओळींची फाइल झाली की, 'प्लॅन' म्हटल्यावर ते प्रत्यक्ष स्थिती व लिहिलेली स्थिती यांतला फरक दाखवते. 'अप्लाय' म्हटल्यावर तो भरून काढते. उद्या कोणी गुपचूप ती वही बंद केली, तर पुढच्या 'प्लॅन'मध्ये ती नाहीशी झाल्याचे उघड होते. जाळी दहा असोत की शंभर, प्रत्येक जाळे आपल्या वहीसकटच जन्माला येते.

परवानगीचा भाग मात्र किचकट आहे. नोंदी क्लाउडवॉचमध्ये पाठवायच्या तर फ्लो लॉगच्या सेवेला लिहिण्याचा अधिकार देणारी एक भूमिका त्याच फाइलमध्ये जोडावी लागते. ती चुकली तर वही असते, पण कोरी.

खर्च वाचावा म्हणून केवळ 'रिजेक्ट' नोंदी ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही. नाकारलेला चोर बाहेरच राहिला. ज्याने चोरलेली किल्ली लावून दार उघडले, त्याची नोंद 'ॲक्सेप्ट' मध्येच असणार. आणखी एक खुबी ध्यानात ठेवावी. एकदा तयार केलेल्या फ्लो लॉगची रचना बदलता येत नाही. फाइलमध्ये रकाने बदलले की टेराफॉर्म जुना लॉग मोडून नवा करते. जुन्या नोंदी साठ्यात शाबूत राहतात, पण मध्ये काही वेळ कोणीच लिहीत नसते. यासाठी 'प्लॅन'चा मजकूर सही करण्यापूर्वी करारनामा वाचावा तसा वाचायचा.

राहिला प्रश्न किती दिवस ठेवण्याचा. केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशाप्रमाणे संगणक-व्यवस्थांच्या नोंदी १८० दिवस सांभाळायच्या आहेत. क्लाउडवॉचमध्ये मुदत घातली नाही, तर नोंदी कायमच्या राहतात. त्यात भाडे वाढते हे एक. पण मला दुसरी गोष्ट अधिक खुपते. लिफाफेसुद्धा बोलतात. कोणत्या पत्त्यावरून कोण, किती वाजता, किती वेळ जोडले गेले होते, हे वर्षानुवर्षे साठले की त्यातून माणसाच्या सवयी वाचता येतात, आणि ते साठवताना त्या माणसाला कोणी विचारलेले नसते. म्हणून माझ्या फाइलमध्ये मुदतीची ओळ १८० ची आहे, साठा वेगळ्या खात्यात आहे, म्हणजे यंत्रात शिरलेल्याला तो सहजी पुसता येणार नाही. आणि वाचण्याचा अधिकार कोणाकोणाला, हेही त्याच फाइलमध्ये नावानिशी लिहिलेले आहे. ते नाव कोणी, कोणत्या तारखेला घातले, हे त्या फाइलच्या इतिहासात पाहता येते.