झॉम्बी म्हातारे झाले, तरी टरकवतात!

चौकोनी बोटं, लाकडी चाल आणि शाळेच्या गॅदरिंगला शोभतील असे डायलॉग! १९९६चा 'रेसिडेंट इव्हिल' आज बघितला तर हसूच येईल, असं वाटतंय ना? मग एकदा माणला या. हिंजवडी फेज थ्रीजवळच्या टॉवरमध्ये माझी मैत्रीण राहते. तिच्या फ्लॅटवर शुक्रवारी रात्री दिवे घालवून हेच गेम चालतात. चार इंजिनिअर, एक लॅपटॉप आणि शेजाऱ्यांना ऐकू जातील अशा किंकाळ्या.

गंमत म्हणजे यातली अर्धी भीती मशीनच्या गरिबीतून आली आहे. 'रेसिडेंट इव्हिल'मध्ये खोली बदलली की काळ्या स्क्रीनवर एक दार सावकाश उघडतं. ती चक्क लोडिंग लपवायची आयडिया! १९९९च्या 'सायलेंट हिल'मधलं फेमस धुकंही तसलंच. प्लेस्टेशनला लांबचं शहर दाखवणं झेपत नव्हतं, म्हणून ते झाकलं. आता राक्षस जवळ आला की रेडिओ खरखरतो, आणि समोर नुसतं पांढरं!

२०१९चा 'रेसिडेंट इव्हिल २'चा रिमेक झकास आहे, प्रश्नच नाही. पण त्यात कॅमेरा खांद्यामागे असतो, वळून बघता येतं. जुन्यात कॅमेरा ठोकलाय तिथेच. कोपऱ्यापलीकडून पावलं ऐकू येतात, तुम्ही खुर्चीत मान कितीही वाकडी करा!

आणि सेव्ह? त्यासाठी टाइपरायटर गाठायचा, वर शाईची रिबन हवी. रिबनी मोजक्याच. आमच्या लहानपणी त्यात लोडशेडिंगची भर. दादा खेळायचा, मी शेजारी बसून घड्याळ बघायचे. झॉम्बीने खाल्लं तर परवडलं, पण टाइपरायटरच्या अलीकडे लाइट गेली की तासाभराची मेहनत पाण्यात. तेव्हा यूपीएस आमच्याकडे कुठला!

माणच्या या चौघांना तेच हवं असावं. दिवसभर ऑटोसेव्ह, अनडू, बॅकअप. चुकलं तर मागे जा. इथे मात्र उरलेल्या दोन रिबनींवरून भांडणं होतात, अगदी कडाक्याची. अप्रेझलवरूनही इतकी होत नसतील.

तुम्हालाही खाज सुटलीये? २०२४मध्ये पहिले तिन्ही मूळ भाग 'जीओजी'वर पुन्हा आले, आजच्या विंडोजवर चालतील असे. फक्त ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकू नका, बॉस. हेडफोन मस्ट. आणि पहिल्या भागात खिडक्यांच्या पॅसेजमधून जाताना जरा जपून. बाहेर कुत्रे आहेत.