देश नसलेल्यांना जागा कुठे?

संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व केवळ देशांना मिळते. त्यासाठी सुरक्षा परिषदेची शिफारस आणि आमसभेत दोन-तृतीयांश मते लागतात. एका स्थायी सदस्याचा नकाराधिकारही अर्ज रोखू शकतो. त्यामुळे कुर्द किंवा तिबेटी लोकांना तिथे स्वतंत्र जागा नाही. पश्चिम सहारा १९६३पासून राष्ट्रसंघाच्या अस्वशासित प्रदेशांच्या यादीत आहे. १९९१मध्ये ठरलेले तिथले सार्वमत अद्याप झालेले नाही. राष्ट्रसंघाचा आदिवासी प्रश्नांवरील स्थायी मंच २००० साली स्थापन झाला. त्याच्या १६ सदस्यांपैकी निम्म्यांची नावे सरकारे सुचवतात, उरलेले आदिवासी संघटनांशी विचारविनिमय करून नेमले जातात. मात्र मंचाचा अधिकार सल्ल्यापुरताच आहे. प्रतिनिधित्व नसलेल्या लोकसमूहांनी १९९१ साली हेगमध्ये आपली वेगळी संघटना उभारली. तिच्यातील एस्टोनिया, लात्विया आणि पूर्व तिमोर पुढे राष्ट्रसंघाचे सदस्य झाले.